जुन्या सोळा-तेरावरची जुगाडं कुठून उकलायची

पाटण तालुक्यातल्या एका तरुण गाडीमालकाचा प्रश्न आला आहे. सात महिन्यांपूर्वी त्यांनी २०१० सालची टाटा १६१३, म्हणजे सोळा-तेरा, ही मालवाहू गाडी घेतली. चिपळूणकडून जांभा भरून कुंभार्ली घाट चढायचा, कराडच्या बाजूला खाली करायचा, जाताना सिमेंट नाहीतर विटा मिळाल्या तर न्यायच्या, असा धंदा. घेताना गाडीला ताजा रंग होता, केबिनमध्ये नवं रेक्झिन होतं. आता घाट चढताना पाणी उकळतं, काळा धूर येतो, ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते, रिकामी गाडी पन्नासच्या पुढे थरथरते आणि दोन बॅटऱ्यांतली एक दर तीन-चार महिन्यांनी मरते. एक मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन उघडून रिंग-लायनर बदला, दुसरा म्हणतो नवा रेडिएटर टाका. पैसा मोजका आहे, हप्ता चालू आहे. सुरुवात कुठून करू, असं ते विचारतात.

इंजिनाला आत्ता हात लावू नका. हाफ इंजिनही नको आणि रेडिएटरही नको. गाडी उजवीकडे ओढते हे तुम्ही चौथ्या ओळीत लिहिलंय, ते पहिल्या ओळीत असायला हवं होतं. ज्या गाडीने घाट उतरायचा आहे तिचा पहिला रुपया ब्रेकवर आणि स्टेअरिंगवर जातो. इंजिन बंद पडलं तर गाडी रस्त्यात उभी राहते. ब्रेक गेला तर ती उभी राहत नाही.

कराडजवळ हायवेला अवजड गाड्यांचं काम मी एकतीस वर्षं करतोय. दुसऱ्याने करून ठेवलेली कामं सोडवण्यातच त्यातली निम्मी वर्षं गेली. त्यातून एक सवय लागली. गाडीवर जुगाड दिसलं की ते लगेच काढून नवा पार्ट बसवायचा नाही. आधी विचारायचं, हे कशासाठी केलं होतं? कुठल्या तरी दुखण्यावर कुणीतरी ते झाकण बसवलेलं असतं. झाकण बदललं तरी खालचं दुखणं तसंच राहतं, आणि तुम्ही घातलेला नवा पार्टही चार महिन्यांत जातो. तुमची बॅटरी नेमकी याच कारणाने मरते आहे, ते पुढे सांगतो.

काम सुरू करण्याआधी गाडी पाण्याने नीट धुऊन घ्या, चेसी आणि अ‍ॅक्सल खालून डिझेलने पुसा आणि बॅटरी टॉर्च घेऊन एक अख्खा दिवस नुसतं बघा. काही उघडू नका. मोबाइलवर फोटो काढत चला. जुन्या नटबोल्टांमध्ये एखादाच चकचकीत बोल्ट, जुनाट भागावर फक्त एका पट्टीला ताजा काळा रंग, जोडातून बाहेर आलेलं सिलिकॉन, बाइंडिंग वायरचे वेढे, टायर ट्यूबच्या पट्ट्या, एम-सीलचे गोळे. प्रत्येक ठिकाणी खडूने खूण करा. साठ-सत्तर खुणा होतील. घाबरू नका. त्यातल्या बऱ्याचशा निरुपद्रवी असतात.

आता ब्रेक. या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, काटा कुठे आहे ते बघून ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा बघा. मग एका माणसाने पॅडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड, प्रत्येक पाइप, प्रत्येक बूस्टर, म्हणजे चाकाजवळचा ब्रेक लावणारा हवेचा डबा, तपासायचा. पण तुमच्या गाडीत हवा गळतच नसेल असा माझा अंदाज आहे. गळणारी बाजू कुणीतरी बंद करून टाकली असणार. पुढच्या डाव्या चाकाचा बूस्टर बघा. पॅडल दाबल्यावर त्याचा दांडा बाहेर येतो का? येत नसेल तर पाइपाचा नट खोला. आत सायकलचा छर्रा घालून वर नट आवळलेला मला आजवर कितीतरी गाड्यांत सापडला आहे. बूस्टरमधला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला, हवा धरेना, गाडी लवकर हवी होती, म्हणून त्या चाकाची हवाच बंद केली. काट्यावर हवा पूर्ण दिसते, गाडी चालते, ब्रेकही लागतो, फक्त तीन चाकांना. मग डावं चाक मोकळं राहतं आणि गाडी उजवीकडे जाते.

रात्री दोन वाजता सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, वीसच्या वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत जायला एखाद्याने हे केलं तर मी त्याला दोष देणार नाही. रस्त्यावर उभं राहणाऱ्याची अडचण मला माहीत आहे. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. गॅरेज आलं, सकाळ झाली, डायफ्राम काही फार महाग नाही, तरीही छर्रा तसाच ठेवून तीच गाडी महिनोन्‌महिने घाटात चालवली आणि वर रंग मारून तुम्हाला विकली.

छर्रा सापडला नाही, दांडा नीट हलतो आहे, असं निघालं तर स्लॅक, म्हणजे ब्रेक लागताना दांडा किती धावतो ते, तपासा. हवा सोडलेल्या स्थितीत दांड्यावर खडूने खूण करा, पॅडल दाबा, खूण किती पुढे सरकली ते पट्टीने मोजा. चारही जागी मोजा. बूस्टरच्या मापाप्रमाणे मर्यादा वेगळी असते, ती कंपनीच्या पुस्तकातून घ्या. पण दांडा दोन इंचांच्या आसपास जात असेल तर तो ब्रेक नावापुरता उरला आहे असं समजा. याचं कारण घाटातच कळतं. ड्रम तापला की फुगतो, लायनिंगपासून लांब जातो, दांड्याला आणखी पुढे जावं लागतं. थंड गाडीत कसाबसा लागणारा ब्रेक अर्धा घाट उतरल्यावर लागतच नाही, कारण दांड्याची धाव संपलेली असते. दोन्ही पुढच्या चाकांचं माप सारखं हवं, दोन्ही मागच्यांचं सारखं हवं.

ड्रम उघडल्यावर लायनिंग तेलकट दिसलं तर ते पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत बसवू देऊ नका. हे सर्रास चालतं. लायनिंगच्या आत मुरलेलं तेल ड्रम तापला की पुन्हा वर येतं. लायनिंग नवंच घाला, दोन्ही बाजूंना एकाच वेळी एकाच मेकचं घाला, आणि ज्या ऑइल सीलमुळे ते तेलकट झालं ते सील आधी बदला. ड्रमही मोजून घ्या. लेथवर वारंवार घासून पातळ झालेला ड्रम तापला की लवकर फुगतो आणि तडकतो.

एक धोक्याची गोष्ट. तुमच्या गाडीला मागे स्प्रिंग ब्रेकचे डबे असतील तर त्यांचा पट्टा स्वतः उघडू नका. आत दाबून ठेवलेली स्प्रिंग माणूस मारू शकते. स्प्रिंग बोल्टने आवळून बांधल्याशिवाय त्या डब्याला हात लावायचा नाही, आणि ज्याने ते काम केलेलं नाही अशाच्या हातात तो द्यायचाही नाही.

ब्रेकबरोबर स्टेअरिंग बघून घ्या. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचला, खाली घोडी (लोखंडी टेकू) द्या, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला पॅडल दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो हबच्या बेअरिंगचा होता, राहिला तर किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनेचा, आहे. किंगपिनच्या बुशाशेजारी पत्र्याची पट्टी कापून घातलेली सापडते. ती काढा आणि किंगपिनचा पूर्ण सेट घाला. टाय रॉड, ड्रॅग लिंक, स्टेअरिंगचा हात यांपैकी कशावरही वेल्डिंगचा टाका दिसला तर तो पार्ट भंगारात. त्यावर चर्चा नाही.

चाकाचे नट बघताना एक सांभाळा. जुन्या अवजड गाड्यांत डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. हे न कळलेल्या माणसाने पान्याला लांब पाइप लावून जोर केला की स्टड पिळतो, मग तो नट स्टडलाच वेल्ड करून टाकतात. असा नट दिसला की स्टड बदला. एक स्टड कामातून गेला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर पडतो.

इथपर्यंतचं काम झाल्याशिवाय गाडी घाटात घालू नका. हप्ता थांबत नाही हे मला कळतं. आठ-दहा दिवस सपाटीचं भाडं बघा, विटांचं बघा, पण कुंभार्ली नको.

मग कमानपाटे, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. पुढच्या मेन पाट्याच्या कानाजवळ वायर ब्रश मारा. तिथे वेल्डिंगचा गोळा आहे का बघा. पाटा साध्या लोखंडाचा नसतो, उष्णता देऊन कडक केलेल्या स्प्रिंग स्टीलचा असतो. वेल्डिंगची उष्णता लागली की टाक्याच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. टाका धरतो, त्याच्या शेजारी पाटा मोडतो. आणि मेन पाटा नुसता वजन पेलत नाही, अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणाराही तोच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या माहितीतली एक गाडी हेळवाकच्या पुढे उतारावर होती, पुढचा डावा मेन पाटा वेल्ड केलेला. तो मोडला, डाव्या बाजूने अ‍ॅक्सल मागे सरकला आणि चालकाच्या हातात स्टेअरिंग असून गाडी डावीकडे गेली. डावीकडे डोंगर होता म्हणून दोघं वाचले. ती गाडी मीच ओढून आणली. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग जुना गंजलेला आणि अर्धा ताजा चमकणारा होता. म्हणजे पाटा अर्धा कधीच मोडला होता, उरलेल्या अर्ध्यावर गाडी चालली होती. तेव्हापासून वेल्ड केलेला पाटा मी कुणाच्याही गाडीत परत बसवत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

मागे पाटे वाढवलेले असतील तर मोजा. जांभ्याच्या धंद्यात हे हमखास असतं, आणि त्याची किंमत चेसी मोजते. पाटे जास्त कडक झाले की खड्ड्याचा हिसका ते गिळत नाहीत, तो सरळ चेसीत जातो. म्हणून मागच्या कमानीच्या ब्रॅकेटजवळ चेसीला चिरा पडतात. चीर पडली की वेल्डर येतो आणि वर चौकोनी पट्टी ठोकून उभे टाके मारतो. पट्टीच्या कडेला उभा टाका आला की तिथेच नवी चीर सुरू होते, कारण पट्टीखालचा भाग कडक आणि शेजारचा लवचिक. मला एकाच चेसीवर पट्टीशेजारी पट्टी, तिच्याशेजारी तिसरी पट्टी, अशी सापडली आहे. दर वर्षी एक.

चेसीचं काम असं करून घ्या. जुनी पट्टी ग्राइंडरने काढा. चीर जिथे संपते तिथे, तिच्या अगदी टोकाला, छोटं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही. चीर व्ही आकारात खोलून वेल्डिंग भरा, घासून सपाट करा, आणि मग आतून पट्टी द्या, पण तिची टोकं तिरकी कापलेली हवीत, सरळ उभी नकोत. चेसीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्यांना भोक पाडू देऊ नका, आडवा टाका मारू देऊ नका. सगळा ताण तिथेच असतो. रिव्हेट गेलेल्या जागी साधे बाजारी बोल्ट घातलेले असतील तर ते काढून, भोक मापात साफ करून, घट्ट बसणारे हायटेन्साइल बोल्ट घाला. त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. आणि वेल्डिंग सुरू करण्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा, वेल्डिंगची अर्थ टाक्याच्या अगदी जवळ लावा. नाहीतर चेसी दुरुस्त होते आणि अल्टरनेटर जळतो.

थरथरीचं उत्तर बहुधा फुकट आहे. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा. त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना असलेले योक, म्हणजे क्रॉसचा सांधा धरणारे फाटे, एका रेषेत हवेत. सरकणारा जोड ओढून काढला आणि परत घालताना एक-दोन दाते इकडेतिकडे बसला की रेषा बिघडते. शाफ्टवर कंपनीने बाण दिलेले असतात, ते समोरासमोर आले पाहिजेत. एका गाडीचा सेंटर बेअरिंग आधीच्या मालकाने तीनदा बदलला होता. प्रत्येक वेळी नवा बेअरिंग थरथरीने जायचा, आणि थरथर बेअरिंगमुळे आहे असंच सगळे समजत राहिले. मी शाफ्ट काढला, बाण जुळवून बसवला. क्रॉस चांगले होते, तेच ठेवले. तुमच्याकडे बाण रंगाखाली गेले असतील तर घासून बघा. बाण जुळलेले असूनही थरथर असेल तर क्रॉसचा खेळ आणि शाफ्टला बसलेला मार तपासा. बॅलन्सचे तुकडे पडलेले आहेत का तेही बघा.

आता बॅटरी. तुमची गाडी चोवीस व्होल्टची आहे, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर, केबिनमधला देवाचा दिवा हे सगळं बारा व्होल्टचं. कुणीतरी या सगळ्याची वायर एकाच बॅटरीवर टाकलेली असणार. त्या बॅटरीतून रोज जास्त खर्च होतो, पण अल्टरनेटर दोघींना मिळूनच चार्ज देतो, वेगवेगळा नाही. मग एक कायम उपाशी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन तिचं पाणी आटतं. तुम्ही मेलेली बदलता, नवी जुनीबरोबर जोडता, पुन्हा तेच. मीटर घ्या. गाडी चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एकीवर तेरा आणि दुसरीवर पंधरा असं दिसलं तर हेच आहे. उपाय म्हणजे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवा, बारा व्होल्टचं सगळं त्याच्यावर टाका, आणि बॅटऱ्या घ्याल तेव्हा जोडीनेच एका वयाच्या घ्या.

वायरिंगच्या बाकी भागात फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा तांब्याची तार असेल तर ती आजच्या आज काढा. ब्रेकचं काम होईपर्यंतही थांबू नका. फ्यूज सारखा उडत होता म्हणून तार घातली गेली, म्हणजे पुढे कुठेतरी वायर चेसीला घासते आहे. तार घातल्यावर फ्यूज उडत नाही, त्याऐवजी वायर तापते, आणि ती वायर डिझेलच्या पाइपाशेजारून जाते. योग्य अँपिअरचा फ्यूज घाला, तो उडू द्या, आणि एकेक फांदी सोडवत घासणारी जागा शोधा. बहुतेकदा ती मागच्या लाइटच्या वायरीत, हौद्याच्या कोपऱ्यात सापडते. जादाचे हॉर्न आणि फोकस स्विचवर थेट असतील तर रिले टाका.

इंजिनापासून चेसीला येणारी अर्थ पट्टी जागेवर आहे का तेही बघा. ती नसली तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरची केबल, गिअरची लिंक, मिळेल त्या वाटेने जातो आणि त्या गोष्टी तापून खराब होतात. स्टार्टर मारताना बॅटरीची मायनस आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कमजोर आहे. गाडी सेल्फ उचलत नाही म्हणून स्टार्टर बांधून घेतलेल्या कितीतरी गाड्यांना फक्त ही पट्टी हवी होती.

हे सगळं झालं की उकळणाऱ्या पाण्याकडे या. इंजिनाबद्दल तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे: पाणी उकळतं आणि धूर काळा आहे. या दोन गोष्टी मी एकाच साखळीच्या दोन कड्या समजतो.

१६१३ च्या ६९७ इंजिनाचं नावच त्याचं माप सांगतं, सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. मर्सिडीज-बेंझबरोबरच्या कराराच्या काळातून आलेल्या घराण्याचं हे इंजिन, ५,६७५ सीसीचं. फार सोशिक आहे. सोसतं म्हणूनच त्याच्यावर इतके अन्याय होतात.

अशा गाड्यांत साखळी साधारण कशी तयार होते ते सांगतो. टर्बोपासून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप चिरतो, किंवा एअर फिल्टर धुळीने भरतो. इंजिनाला हवा कमी मिळते, ताकद कमी पडते. चालक म्हणतो गाडी ओढत नाही. कुणीतरी डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवतो. ताकद थोडी येते, धूर काळा होतो, आणि सिलिंडरमधली उष्णता वाढते. गाडी तापायला लागते. मग थर्मोस्टॅट काढून टाकतात, कारण ‘तोच पाणी अडवतो’ अशी समजूत आहे. थोडे दिवस बरं वाटतं. त्यातच पंख्याभोवतीचं पत्र्याचं कव्हर तुटतं, ते परत बसत नाही. पंखा आता रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच तीच गरम हवा फिरवतो. उष्णतेने रेडिएटरचा जोड सुटतो, गळती लागते. रस्त्यावर कुणीतरी हळद टाकतो. हळद फुगून भोक बुजवते, आणि भोकाबरोबर नळ्याही बुजवते. वर बोअरचं जड पाणी, त्याचा क्षार. आता तुमच्याकडे गाडी येते आणि एक मिस्त्री म्हणतो रेडिएटर बदला, दुसरा म्हणतो हाफ इंजिन करा.

ही साखळी उलट्या क्रमाने सोडवायची नाही, जिथून ती सुरू झाली तिथूनच सोडवायची. नवा रेडिएटर आज घातला तरी डिझेल वाढवलेलंच राहील, आणि डिझेल कमी केलं तर फाटक्या हवेच्या पाइपामुळे गाडी ओढणार नाही, म्हणून कुणीतरी ते पुन्हा वाढवेल. आधी एअर फिल्टर. मग टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक रबरी पाइप हाताने दाबून, वळवून बघा. तेलाची ओलसर काळी धूळ जिथे बसली आहे तिथून हवा बाहेर जाते. ट्यूबची पट्टी आणि बाइंडिंग वायर असेल तर ती काढून योग्य पाइप आणि रुंद क्लिप घाला. त्यानंतर पंप आणि नोझल काढून बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या आणि नवं सील लावून घ्या. गॅरेजमध्ये कानाने डिझेल कमी-जास्त करू देऊ नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी. सहाही नोझलना सारखं डिझेल जातंय की नाही हे बेंचवरच कळतं.

मग पाण्याची बाजू. रेडिएटर उतरवून वरची-खालची टाकी उघडून नळ्या साफ करून घ्या. अर्ध्याहून जास्त नळ्या बंद निघाल्या किंवा पाकळ्या हाताने चुरगळत असतील तरच नवा कोअर घाला. पंख्याचं कव्हर जुन्या बाजारातून शोधा, ते मिळतं. पट्टा, वॉटर पंप आणि रेडिएटरचं झाकण बघा. झाकणाची स्प्रिंग मेलेली असेल तर पाण्यावर दाब राहत नाही आणि ते लवकर उकळतं.

थर्मोस्टॅट परत बसवा. मला ठाऊक आहे की याला सगळे विरोध करतील. थर्मोस्टॅट नसला की थंड इंजिन नीट गरम व्हायला फार वेळ घेतं, लायनर झिजतात, डिझेल जास्त जातं. शिवाय ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. काही पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं. म्हणजे गाडी गार राहावी म्हणून जे काढलं तेच घाटात गाडी तापवू शकतं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात टाकून पाणी तापवा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडताना दिसला पाहिजे. आणि आत नुसतं बोअरचं पाणी नको, कूलंट मिसळून घाला.

हाफ इंजिन करायचं का, हा निर्णय याच्यानंतर. तोवर दोन गोष्टी बघून ठेवा. सकाळी थंड इंजिन सुरू करताना रेडिएटरचं झाकण उघडं ठेवा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट किंवा हेड गेलं आहे. मग हेड उतरवून लेथवर सपाटी तपासल्याशिवाय नवं गॅस्केट घालू नका. वाकलेल्या हेडखाली शेलॅकचा (चिकट लाखेचा) थर देऊन गॅस्केट दाबून बसवणं हेही तुमच्या गाडीत आधी झालेलं असू शकतं. दुसरं, गरम इंजिनात ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, किती वाफ येते ते पाहा. ढगासारखी येत असेल आणि धूर निळसर असेल तर रिंग-लायनर झिजले आहेत. तुमचा धूर काळा आहे, निळा नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यामुळे हाफ इंजिनाची गरज आज दिसत नाही. मात्र इंजिन ऑइल बदलून पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं घाला आणि मग आठवडाभर बघा. विकताना आवाज आणि धूर दाबायला जाड ऑइल घालतात. ते निघाल्यावर इंजिन खरं बोलायला लागतं.

बॉडीवरचा रंग, हौद्याचा पत्रा, केबिनची गंजलेली पायरी, यांच्यात पुढच्या वर्षापर्यंत पैसे घालू नका. कागदांचं एवढंच. चेसीवरचा ठोकलेला नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी आजच पडताळा. नंबरच्या आसपास ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग दिसलं तर काम थांबवून आधी आरटीओत जा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, आणि ब्रेकचं काम नीट झालेलं असेल तर ती तपासणी तुम्हाला जड जाणार नाही.

कामं एकदम दहा ठिकाणी उघडू नका. एक काम, मग दोन दिवस गाडी चालवणं, मग पुढचं. सगळं एकदम केलं आणि नवा आवाज आला तर तो कुठल्या कामाचा हे कुणालाच सांगता येत नाही. काढलेला प्रत्येक जुना पार्ट तारीख लिहून पोत्यात ठेवा, काम पूर्ण होईपर्यंत टाकू नका. मला कितीतरी वेळा जुना पार्ट पुन्हा हातात घेतल्यावर खरं कारण कळलं आहे.

पहिला घाट रिकाम्या गाडीने उतरा. चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल अजिबात नाही. अर्ध्यावर सुरक्षित रुंद जागा बघून थांबा, चाकांखाली दगड लावा आणि चारही हबजवळ हात न टेकवता नुसता जवळ नेऊन उष्णता बघा. एक चाक गार आणि बाकीची गरम असतील तर त्या गार चाकाचा ब्रेक अजून काम करत नाही. एकच फार गरम असेल तर तो सुटत नाही. दोन्ही गोष्टींत तिथूनच हळू खाली या आणि स्लॅक पुन्हा मोजा. चारही सारखे आले तर दुसऱ्या फेरीला निम्मा माल भरा, पूर्ण नाही. पाट्यांना हात लावला असेल तर शे-दोनशे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या, आणि चाकं काढली असतील तर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतरच चाकांचे नट.